आईची गॅलरी: अलास्का क्रूझच्या खोलीचा एक निर्णय

डोंबिवलीच्या आमच्या घराला गॅलरी होती. १९९८ साली भाऊ दहावीला गेला, त्याला अभ्यासाला जागा हवी होती, म्हणून ग्रिल आणि सरकत्या काचा लावून ती आत घेतली. आजूबाजूच्या सगळ्यांनी तेच केलं होतं. त्यानंतर आईच्या वाट्याला उघडी गॅलरी कधी आलीच नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण जून २०२४ मधल्या आमच्या क्रूझला खोली कुठली घ्यायची हा प्रश्न शेवटी याच गॅलरीपाशी येऊन सुटला. तिथवर पोचायला मला तीन आठवडे लागले.

आम्ही राहतो सिॲटलजवळ बेलव्ह्यूला. आई सत्तरीची, बाबा चौऱ्याहत्तरचे, मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा, असे पाच जण जाणार होतो. सिॲटलहून निघून सिॲटललाच परत येणारी सात रात्रींची सफर: अलास्कातली जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन आणि शेवटच्या संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया. सगळं मिळून ९००० डॉलरच्या आत बसवायचं, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. बंदर घरापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे विमानाचा खर्च नव्हता.

खोलीच्या आधी व्हिसाचं बोलते, कारण इथे अनेकांची गाडी अडते. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन, मधे एकही परदेशी बंदर न करता, अमेरिकेचीच बंदरं फिरवून परत आणता येत नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याची असतात. म्हणून सिॲटलच्या सफरींत व्हिक्टोरिया येतं, मग ते संध्याकाळचे चार तास का असेनात. त्या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो. जहाजातून उतरणार नसलात तरी तो लागतो, आणि नसेल तर सिॲटललाच जहाजावर चढू देत नाहीत. आम्ही बुकिंगच्या आधी अर्ज केला, बोटांचे ठसे दिले, व्हिसा हातात आल्यावरच पैसे भरले.

तीन खोल्या, तीन दर

इनसाइड म्हणजे जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची खोली. साधारण १५० ते १६० चौरस फूट: दोन पलंग, कपाट, लहानसं न्हाणीघर. ओशनव्ह्यू म्हणजे जवळपास तेवढीच खोली, पण काचेची खिडकी असलेली, आणि ती खिडकी उघडत नाही. बाल्कनीची खोली थोडी मोठी, शिवाय बाहेर दोन खुर्च्या मावतील एवढी जागा.

आम्हाला मिळालेले दर माणशी असे होते: इनसाइड ९५०, ओशनव्ह्यू ११५०, बाल्कनी १५५० डॉलर. हे दर एका खोलीत दोन माणसं धरून असतात. तिसऱ्या माणसाला, म्हणजे मुलाला, खोली कुठलीही असो, ४५० पडणार होते. याखेरीज बंदराचे कर आणि कर्मचाऱ्यांची रोजची टिप मिळून माणशी सुमारे ३८०. ही रक्कम इनसाइडला तेवढीच आणि बाल्कनीलाही तेवढीच. ती पाच जणांची १९०० झाली.

दोन्ही खोल्या इनसाइड घेतल्या तर एकूण ६१५०. दोन्ही बाल्कनी घेतल्या तर ८५५०. आई-बाबांना बाल्कनी आणि आम्हा तिघांना इनसाइड, असं केलं तर ७३५०. म्हणजे एका खोलीची बाल्कनी १२०० डॉलरला, तेव्हाच्या भावाने साधारण एक लाख रुपयांना. हा आकडा मी बाबांना सांगायला नको होता.

बाबा मूळचे मालवणचे. साठच्या दशकात ते मुंबईला कोकण बोटीने यायचे. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरं घेत बोट भाऊच्या धक्क्याला लागायची. किनाऱ्यावरून होडीत बसायचं आणि होडीतून बोटीत चढायचं. डेकवर पथारी टाकायची, ट्रंक डोक्याशी घ्यायची, आणि बोट लागून मळमळलं तर लिंबू हुंगायचं. पावसाळ्यात ही बोट बंद असायची. एवढी वर्षं मनात समुद्र बाळगून असलेल्या माणसाला लाख रुपयांची खोली पटणार नव्हती. ते एका वाक्यात म्हणाले, "खोली झोपाक, दर्या बघूक डेक." त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. क्रूझवर वरचे उघडे डेक सगळ्यांसाठी खुले असतात. इनसाइडवाल्याला जेवण तेच, नाटक तेच, ग्लेशियर तेच. पैसे वाचवून काठावरच्या सहली कराव्यात, हे मलाही पटत होतं. जुनोला देवमासे पाहायला नेणाऱ्या लहान बोटीचे माणशी १८० डॉलर होते. स्कॅगवेहून व्हाइट पासवर चढणारी रेल्वे मला बाबांना दाखवायचीच होती. सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ही तीन फुटी रुळांची गाडी वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते. पाच जणांच्या या दोन सहलींचे १६०० डॉलर होत होते. दोन्ही खोल्या बाल्कनीच्या घेतल्या असत्या तर ९००० मधले फक्त ४५० उरले असते. त्यामुळे तो पर्याय पहिल्याच रात्री निकालात निघाला.

कोण, कुठल्या तासांना

इथपर्यंत मी फक्त पैसे मोजत होते. मग एके पहाटे पाणी प्यायला उठले, तर आई स्वयंपाकघरात अंधारातच बसलेली दिसली. दिवा लावला तर बाबांची झोप मोडेल म्हणून लावला नव्हता. ती रोज चारला उठते. जप, थोडं वाचन, चहा, मग सातनंतर घर जागं होतं. इनसाइड खोलीत या तीन-चार तासांचं काय होणार, हे मी मनात आणलंच नव्हतं.

बिनखिडकीच्या खोलीतला अंधार आपल्या घरातल्या रात्रीसारखा नसतो. दिवा बंद केला की हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. पहाटेचे चार आणि दुपारचे दोन सारखेच. आईने दिवा लावला तर बाबा जागे होणार. नाही लावला तर ती न्हाणीघरात जाऊन बसणार, तिचा स्वभावच तसा. आणि एकटीने लिफ्टने वर उघड्या डेकवर जायचं, तर जूनमध्येही पहाटे आठ-नऊ अंश तापमान आणि चालत्या जहाजाचं वारं. त्यात तिचे गुडघे.

दुसरीकडे, जूनच्या मध्यात जुनोला सूर्य चारच्या आधीच उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. म्हणजे आई उठते त्या घटकेला बाहेर चक्क उजेड असणार होता.

मग मी कागदावर दर माणसापुढे लिहिलं: हा जागा असताना खोलीत किती तास असेल? आई पहाटे चार ते आठ, जेवणानंतर गुडघ्यांना विश्रांती म्हणून दोन ते पाच, रात्री साडेआठ ते दहा. रोजचे साडेआठ तास, सात दिवसांचे साठच्या आसपास. बाबा जवळजवळ शून्य. ते लोकांत रमतात, दिवसभर डेकवर असणार. आम्ही दोघं आणि मुलगा, झोपेखेरीज फार तर रोज एक तास. आता तेच १२०० डॉलर मांडून पाहिले. आईच्या खोलीला बाल्कनी घेतली तर तासाला २० डॉलर. आमच्या खोलीला घेतली तर तासाला १७० डॉलर. एवढा फरक असेल असं मला वाटलं नव्हतं.

मधला मार्ग ओशनव्ह्यूचा होता. आई-बाबांच्या खोलीला फक्त ४०० डॉलर जादा, आणि उजेड मिळतो. मी तेच घेणार होते. बुकिंगचं पान उघडं ठेवून आईला विचारलं, तर कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "काचेतून बघायचं तर घरी बघतेच की मी. मला कसलीही चालेल." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "आपली गॅलरी होती तेव्हा पावसाचा वास घरात यायचा." एवढंच.

मी बाल्कनी घेतली. बाबांना सांगितलं की ऑफर होती. हे खोटं होतं, आणि परत आल्यावर मी ते कबूलही केलं.

कुठली बाल्कनी

बाल्कनी घ्यायचं ठरलं म्हणून काम संपत नाही. या बाबतीत मी जहाजाच्या नकाशासमोर बराच वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. जहाज सर्वांत कमी हलतं ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. पुढच्या टोकाला आणि वर गेलात की हेलकावे वाढतात. सिॲटलहून निघणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या आडोशाने न जाता बेटाच्या पश्चिमेने, मोकळ्या प्रशांत महासागरातून वर जातात. म्हणजे आतल्या शांत पाण्याचा प्रवास नंतर, आधी एक पूर्ण दिवस उघड्या समुद्राचा. म्हणून मी बरोबर मधल्या खोल्या शोधल्या.

वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असलेला मजला घेतला. वरती पोहण्याचा तलाव किंवा जेवणाचा हॉल असला की पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट पलंगावर येतो. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली खोली टाळली, कारण त्या दारातून बोलणं ऐकू येतं. स्वस्तातल्या काही बाल्कन्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, त्याही नकाशात पाहून वगळल्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, आमची इनसाइड खोली त्याच मजल्यावर, त्याच ओळीत, बोळाच्या पलीकडे समोरासमोर मिळाली. 'खोली आम्ही नंतर देऊ' असा थोडा स्वस्त दरही होता. तो घेतला असता तर दोन खोल्या जहाजाच्या दोन टोकांना पडण्याची शक्यता होती. आई-बाबा बरोबर असताना मी तो धोका पत्करणार नव्हते.

डावी बाजू की उजवी, याला आमच्या सफरीत फारसा अर्थ नव्हता. जाऊन त्याच बंदरात परत यायचं असल्यामुळे जाताना जो किनारा उजवीकडे, तोच येताना डावीकडे. आम्हाला डावी मिळाली.

जहाजावर

पहिला समुद्राचा दिवस. दुपारपर्यंत जहाज चांगलंच डोलू लागलं. बोट लागली ती माझ्या नवऱ्याला, ज्याची मी काळजीच केली नव्हती. इनसाइड खोलीत अशा वेळी पडून राहणं वाईट, कारण डोळ्यांना स्थिर काही दिसत नाही आणि कानाला हालचाल जाणवत राहते. क्षितिजाकडे नजर लावून बसलं की बरं वाटतं. बाबांनी जुन्या अनुभवाने त्याला उठवलं, बोळ ओलांडून आईच्या बाल्कनीत खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल टाकली आणि शेजारी बसून राहिले. दोन तासांनी तो आल्याचा चहा प्यायला. लाख रुपयांबद्दल बाबा त्यानंतर काही बोलले नाहीत.

बाल्कनीच्या काही गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या, त्या अनुभवाने कळल्या. बाहेरचं दार उघडं असताना खोलीचं दार उघडलं की वाऱ्याचा झोत आरपार जातो आणि दार धाडकन आपटतं. त्यात आईची जपाची वही उडून पार पलंगाखाली गेली. दारात हाताचं बोट चेमटायला वेळ लागणार नाही, म्हणून मुलाला ताकीदच दिली: आधी एक दार बंद, मग दुसरं उघडायचं. कपडे बाहेर वाळत घालायला बंदी असते, आणि घातले तर ते समुद्रातच जातील. न्हाणीघरात ओढून लावायची एक दोरी असते, आईने तीच वापरली. निरंजन, उदबत्ती काहीही पेटवता येत नाही. आईने खिशातल्या छोट्या तसबिरीसमोर नुसते हात जोडले आणि तेवढं पुरलं असं ती म्हणाली.

आमच्या इनसाइड खोलीबद्दलही सांगायला हवं, कारण तिचं कौतुक कमी होतं. दहा वाजेपर्यंत उजेड असलेल्या प्रदेशात गडद अंधारात झोपायला मिळणं हे सुख आहे. आम्ही तिघंही आठ-आठ तास झोपलो. मुलाला वरची, भिंतीतून खाली येणारी बर्थ इतकी आवडली की तो खाली झोपायला तयार नव्हता. दोनदा मात्र आम्हाला दहाला जाग आली. तिसऱ्या दिवसापासून टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल आवाज बंद करून लावून ठेवलं. पहाट झाली की खोलीत निळसर उजेड यायचा.

ग्लेशियर बेचा दिवस हा बाल्कनीच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा असेल, असं मी धरून चालले होते. तिथे माझा अंदाज निम्माच बरोबर निघाला.

या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर लहान बोटीने येऊन आपल्या जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची मोहीम इथून गेली तेव्हा खाडी अशी नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ चाळीसेक मैल मागे हटला होता. आज त्याच जागेवरून जहाज आत साधारण पासष्ट मैल जाऊ शकतं. ही सगळी हूना ट्लिंगिट या इथल्या मूळ रहिवाशांची भूमी, पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांना इथून हुसकावलं होतं. हे ऐकत ऐकत, दोन्ही बाजूंचे डोंगर बघत आत जायचं तर जागा पुढच्या उघड्या डेकवरच. बाल्कनीतून एकच बाजू दिसते, आणि रेंजरचं बोलणं तिथे नीट पोचत नाही. "उजवीकडे अस्वल" अशी घोषणा झाली तेव्हा आमची बाल्कनी डावीकडे होती. बाबा सकाळी सहापासून पुढे उभे होते, त्यांनी अस्वल पाहिलं. 'दर्या बघूक डेक' हे त्या दिवसापुरतं शंभर टक्के खरं ठरलं.

पण मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं तेव्हा चित्र बदललं. एक मैल रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच निळी भिंत. कप्तान तासभर जहाज तिथे ठेवतो आणि जागच्या जागी सावकाश फिरवतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं दिसावं. वरच्या डेकवर शेकडो माणसं, कॅमेरे, मुलांचा गलका. मी खाली आईकडे गेले. ती गोधडीवजा ब्लँकेट पांघरून बसली होती, मांडीवर माझा मुलगा. बर्फाचा एक कडा निसटला. आधी तो पडताना दिसला, पाणी उसळलं, आणि मग क्षणभराने आवाज आला, दूरवर वीज कडाडावी तसा. आई म्हणाली, "सकाळपासून तिसरा." ती तो आवाज मोजत बसली होती. वरती मला पहिले दोन ऐकूच आले नव्हते.

आणि पहाटे. चौथ्या दिवशी मीही चारला उठून तिच्याकडे गेले. दाराची फट तिने पुस्तक लावून किंचित उघडी ठेवली होती. बाबा पडद्याआड घोरत होते. बाहेर पाणी अगदी सपाट, डोंगरांवर ढगांच्या पट्ट्या, आणि दूर कुठेतरी फुस्स असा आवाज. देवमाशाचा श्वास. दिसला नाही, नुसता ऐकला. ती म्हणाली, रोज ऐकते, काल दोन होते. जुनोला आम्ही १८० डॉलर देऊन पाठी आणि शेपट्या पाहिल्या, तेही पाहण्यासारखंच होतं. पण ही दुसरी गोष्ट आईला तिच्या वेळेला, तिच्या खुर्चीवर, कुणाची झोप न मोडता मिळत होती.

केचिकनला वर्षाला सुमारे दीडशे इंच पाऊस पडतो. आम्ही पोचलो तेव्हाही पडत होता. आई उतरली नाही. गुडघे दुखताहेत म्हणाली. परत आलो तर बाल्कनीचं दार सताड उघडं, खोली गारठलेली, आणि ती दारात खुर्ची घेऊन बसलेली. बाबा रागावले, सर्दी होईल म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, वास येतोय बघा.

ऑक्टोबरात दोघं डोंबिवलीला परतले. दिवाळीनंतर शेजारच्या काकूंच्या घरी मुंबई-गोवा क्रूझचं ठरत होतं. बाल्कनी घ्यायची का, म्हणून त्या आईकडे विचारायला आल्या. फोनवर मी ऐकत होते. आईने दर विचारला नाही. बोट किती वाजता सुटते आणि गोव्याला कधी लागते, ते विचारलं. संध्याकाळी सुटून सकाळी पोचते, म्हटल्यावर म्हणाली, "मग आतली घ्या. सूर्य बुडताना डेकवर बसा, नंतर काळोखच आहे. पण तुमच्यातलं पहाटे कोण उठतं, ते आधी सांगा."